रापलेला बर्फ

वाळूज एमआयडीसीत दुचाकी-चारचाकीच्या सुट्या भागांना रंग देणारी पेंट शॉप आहेत, आणि तिथल्या क्वालिटीवाल्यांना एक चाचणी तोंडपाठ असते. नव्या शेडची पावडर आली की तिचा थर दिलेली पत्र्याची दोन पॅनेल करायची. एक कपाटात, अंधारात ठेवून द्यायचं. दुसरं अतिनील दिव्यांच्या पेटीत घालायचं. तिथे प्रकाश, उष्णता आणि दमटपणा यांचा मारा शेकडो तास चालतो. मग दोन्ही पॅनेल शेजारी-शेजारी धरून यंत्राने रंगातला फरक मोजायचा. फरक ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की शेड नापास. मराठवाड्यातले दोन-चार उन्हाळे खाल्ल्यावर मडगार्ड कसं दिसेल, याचा अंदाज त्या पेटीतून काही आठवड्यांत बांधता येतो.

गुरूच्या युरोपा या चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांपुढे हेच कोडं उलट्या बाजूने येतं. रापलेलं पॅनेल त्यांच्यासमोर आहे, अगदी गोल, 3,100 किलोमीटर व्यासाचं. कपाटातलं, मूळ रंगाचं पॅनेल मात्र कुणाकडेच नाही.

युरोपा आपल्या चंद्राहून किंचित लहान. पृष्ठभाग सगळा बर्फाचा, आणि त्याखाली खारट पाण्याचा समुद्र असावा असं मानायला भक्कम कारणं आहेत. वाळूजच्याच बजाजनगरमधल्या गच्चीवरून, एमआयडीसीच्या दिव्यांचा उजेड असूनही, साध्या द्विनेत्रीतून तो गुरूशेजारचा एक ठिपका म्हणून दिसतो. रंग दिसत नाही. रंग 1979 मध्ये व्हॉयेजर यानांनी आणि पुढे 1995 ते 2003 गुरूभोवती फिरलेल्या गॅलिलिओ यानाने दाखवला. एक अर्धा बराचसा पांढरा, दुसरा तपकिरी-तांबूस. आपल्या चंद्राचं एकच तोंड कायम पृथ्वीकडे असतं, तसंच युरोपाचं गुरूकडे असतं. त्यामुळे कक्षेत फिरताना त्याची एक बाजू नेहमी पुढे राहते आणि एक नेहमी मागे. तपकिरी आहे ती मागची बाजू.

पावसात चालणाऱ्या माणसाचं पोट आधी भिजतं. मग युरोपाची पाठ का काळवंडली? याचं उत्तर गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात आहे. गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती एक फेरी मारतो, आणि त्याचं प्रचंड चुंबकीय क्षेत्र, त्यात अडकलेल्या विद्युतभारित कणांसकट, त्याच्याबरोबर गरगरतं. युरोपाला गुरूभोवती एक फेरी मारायला साडेतीन दिवस लागतात. युरोपाचा कक्षेतला वेग सेकंदाला सुमारे 14 किलोमीटर, तर त्या अंतरावरचे कण सेकंदाला शंभर किलोमीटरच्या घरात पळतात. ते मागून येतात आणि युरोपाच्या पाठीत बसतात.

हे कण येतात कुठून, तर बरेचसे शेजारच्या आयोकडून. आयो हा सूर्यमालेतला सर्वांत जागृत ज्वालामुखींचा चंद्र. त्याच्याकडून सेकंदाला साधारण एक टन द्रव्य, मुख्यतः गंधक आणि ऑक्सिजन, अवकाशात निसटतं, त्याचे आयन होतात आणि चुंबकीय क्षेत्र त्यांना ओढून नेतं. म्हणजे युरोपाच्या पाठीवर कोट्यवधी वर्षं शेजाऱ्याचा गंधक पेरला जातो आहे. गॅलिलिओ यानाच्या अवरक्त वर्णपटात रॉबर्ट कार्लसन आणि सहकाऱ्यांना 1999 मध्ये तिथे पाण्याबरोबर बांधलेलं गंधकाम्ल असल्याच्या खुणा सापडल्या. बॅटरीत घालतात तेच आम्ल, गोठलेल्या रूपात. आम्लाला स्वतःला रंग नाही. तपकिरी छटा गंधकाच्या अणूंच्या साखळ्या आणि प्रारणाने बिघडलेले क्षार यांची असावी.

गंधक हा पाहुणा झाला. प्रत्यक्ष तोडफोडीचं काम करतात ते मुख्यतः वेगवान इलेक्ट्रॉन. दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा एक इलेक्ट्रॉन बर्फात काही मिलिमीटर शिरतो आणि वाटेत हजारो रेणूंना धक्का देत जातो. पाण्याचा रेणू फुटला की एका हाताला हायड्रोजन, दुसऱ्या हाताला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. असं द्रवरूप पाण्यात घडलं, तर तुकडे क्षणात पुन्हा एकमेकांना शोधून पाणी होतात. युरोपावर तापमान उणे 160 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि त्याहूनही खाली असतं. तिथे तुकडे जिथल्या तिथे गोठून बसतात. दोन जोड्या शेजारी आल्या तर हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. जखम धुवायला दवाखान्यात वापरतात तेच. तेही कार्लसन यांच्याच गटाने 1999 मध्ये युरोपावर ओळखलं. पाण्याच्या हजार रेणूंमागे एखादा रेणू, इतकंच.

हायड्रोजन हलका, तो निसटतो. ऑक्सिजन मागे उरतो. काही बर्फातच अडकून राहतो, काही वर येऊन अतिविरळ वातावरण बनवतो, जे हबल दुर्बिणीने 1995 मध्ये पाहिलं. 29 सप्टेंबर 2022 रोजी गुरूभोवती फिरणारं जूनो यान युरोपाच्या सुमारे साडेतीनशे किलोमीटर जवळून गेलं. त्या वेळच्या मोजमापांवरून 2024 मध्ये हिशेब मांडला गेला: युरोपाचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे 12 किलो ऑक्सिजन तयार करतो. दिवसाला हजार टन. झाड नाही, शेवाळ नाही. एखाद्या दूरच्या जगावर ऑक्सिजन सापडला म्हणून लगेच जीवसृष्टीच्या बातम्या देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

याखेरीज बर्फाची झीजही होते. आत शिरणारा आयन आपली ऊर्जा सांडत जातो आणि पृष्ठभागावरचे रेणू उडवून लावतो. 1978 मध्ये अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये वॉल्टर ब्राउन आणि लुई लान्झेरॉटी यांच्या गटाने बर्फाच्या पातळ थरावर वेगवान आयनांचा झोत सोडला. बर्फ अपेक्षेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त झिजला. धातूंवरून बांधलेले अंदाज इथे सपशेल चुकले, कारण आयनाने इलेक्ट्रॉनांना दिलेली ऊर्जा धातूत नुसतीच पसरून जाते, बर्फात मात्र तीच रेणू उडवायला कामी येते. प्रारण आणि बर्फाळ चंद्र या विषयाला प्रयोगशाळेत पाया मिळाला तो अशा प्रयोगांतून, आणि तोही एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत.

प्रारणाची मात्रा म्हणजे नेमकी किती, याची जाण यायला नाशिक जिल्ह्यात लासलगावला जावं. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' हे विकिरण केंद्र 2002 पासून आहे. कोबाल्ट-60 मधून निघणाऱ्या गॅमा किरणांसमोरून कांदा नेतात, म्हणजे साठवणीत त्याला कोंब फुटत नाहीत. त्यासाठी शंभर ग्रेच्या (ग्रे हे या मात्रेचं एकक) आतबाहेर मात्रा पुरते. 2007 मध्ये आंबा अमेरिकेला पुन्हा जाऊ लागला, तोही इथूनच प्रक्रिया होऊन. फळातल्या किडीसाठी 400 ग्रे लागतात. मुंबईत ट्रॉम्बेला 1974 पासून आयसोमेड आहे. सिरिंज, ड्रेसिंग असं वैद्यकीय सामान तिथे निर्जंतुक करतात, त्याची ठरलेली मात्रा 25 हजार ग्रे. (कांदा त्याने किरणोत्सर्गी होत नाही. कोबाल्टच्या गॅमा किरणांत तेवढी ऊर्जाच नसते. बदल होतो तो रासायनिक, आणि युरोपावरही मुख्यतः तसाच.)

युरोपावर उभ्या राहिलेल्या माणसाला दिवसाला सुमारे 5.4 सिव्हर्ट प्रारण लागेल असा ढोबळ आकडा दिला जातो. या प्रकारच्या प्रारणात सिव्हर्ट आणि ग्रे जवळपास सारखेच धरायला हरकत नाही. एवढी मात्रा एका दिवसात मिळाली तर उपचाराविना निम्म्याहून जास्त माणसं दगावतात. कांद्याचा कोटा तिथे तीन आठवड्यांच्या आत पुरा होईल, आंब्याचा अडीच महिन्यांत, सिरिंजचा बारा-तेरा वर्षांत. आणि युरोपाच्या आजच्या पृष्ठभागाचं वय चार ते नऊ कोटी वर्षं धरतात. अगदी वरच्या कणांना तर या सरासरीच्या कितीतरी पट मात्रा बसते. अशा ठिकाणी उघड्यावर पडलेला कुठलाही सेंद्रिय रेणू मूळ रूपात टिकेल, ही आशाच सोडलेली बरी.

मग किती खोल खणलं तर मूळचं काही हाती लागेल? या प्रश्नाचा धागा मुंबईपर्यंत येतो. अपोलो मोहिमांनी चंद्रावरून आणलेले नमुने जगभरच्या निवडक प्रयोगशाळांना दिले गेले, त्यात कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) होती. देवेंद्र लाल यांच्या गटाने, ज्यात नरेंद्र भंडारी, ए. एस. ताम्हणे, व्ही. एस. वेंकटवरदन ही मंडळी होती, त्या धुळीत प्रारणाच्या जुन्या जखमा शोधल्या. सूर्याकडून किंवा आकाशगंगेतून आलेलं लोखंडासारखं जड अणुकेंद्र स्फटिकात घुसलं की वाटेवरची अणूंची रचना विस्कटून जातं. ती वाट इतकी बारीक असते की साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. म्हणून धुळीचा कण रेझिनमध्ये बसवायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि दाहक द्रावणात शिजवायचा. फेल्डस्पार असेल तर उकळता कॉस्टिक सोडा. विस्कटलेला भाग आधी खाल्ला जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुया टोचल्यासारख्या रेघा उमटतात. मग बसून मोजायचं. कणाच्या कडेला रेघांची दाटी असते, आत जावं तशी ती विरळ होते. ती कशी विरळ होत जाते यावरून तो कण पृष्ठभागावर किती काळ उघडा पडला होता आणि किती काळ गाडलेला होता, हे काढता येतं. या कामाचे निबंध 1971 पासून छापून आले. पुढे लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले, तर वेंकटवरदन वरळीच्या नेहरू तारांगणाचे.

आपल्याकडे अपोलोची आठवण निघते ती आर्मस्ट्राँगच्या पावलापाशी थांबते. कुलाब्यात चंद्राची धूळ शिजत होती, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हवी होती.

चंद्राच्या धुळीत जखमेची खोली मोजता आली, कारण धूळ हातात होती. युरोपाचा एक कणही कुणाच्या हातात नाही. तिथे खोली गणिताने काढावी लागते. टॉम नॉर्डहाइम, केविन हँड आणि ख्रिस पॅरानिकास यांनी 2018 मध्ये ती काढली. समुद्रातून वर आलेली अमिनो आम्लं कुठे टिकतील, हा त्यांचा प्रश्न होता. विषुववृत्ताजवळ, जिथे मारा सर्वांत जास्त, तिथे दहा ते वीस सेंटीमीटर खाली जावं लागेल. ध्रुवांकडच्या भागात एक सेंटीमीटरही पुरेल. वीतभर खोली! हे वाचून हायसं वाटतं. पण तीन वर्षांनी एमिली कॉस्टेलो आणि सहकाऱ्यांनी त्यात खोडा घातला. बारीक उल्का सतत आदळत राहतात आणि वरचा थर उलथापालथा करतात, म्हणजे आज खाली असलेला बर्फ कधीतरी वर येऊन प्रारण खाऊन पुन्हा खाली गेलेला असू शकतो. त्यांच्या हिशेबाने कोट्यवधी वर्षांत ही नांगरट सरासरी तीस सेंटीमीटरपर्यंत पोहोचते. माझ्या मते यान उतरवणाऱ्यांनी दुसरा आकडाच धरून चालावं, किंवा मग बर्फ अलीकडे वर आला आहे अशी ताजी जागा शोधावी.

आता मिठाकडे येऊ, कारण या विषयातला सर्वांत सुरस भाग मिठाचा आहे. साधं खायचं मीठ पांढरं असतं, कारण दृश्य प्रकाशातला कुठलाच रंग ते शोषत नाही. अवरक्त प्रकाशातही त्याची ठळक खूण नाही. त्यामुळे युरोपाच्या समुद्रात मीठ असलं आणि ते भेगांतून वर येऊन पडलं, तरी गॅलिलिओच्या अवरक्त उपकरणाला ते दिसणं शक्यच नव्हतं.

केविन हँड आणि रॉबर्ट कार्लसन यांनी कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एका निर्वात पेटीत मीठ ठेवलं, उणे 173 अंशांपर्यंत थंड केलं आणि त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडला. कित्येक तास. युरोपावरच्या हिशेबात ते शतकभरापर्यंत जातं. पांढरं मीठ पिवळसर-तपकिरी झालं. हा प्रयोग 2015 चा. रंग येतो तो असा: मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोरिन एकाआड एक रांगेत बसलेले असतात. माऱ्याने एखादा क्लोरिन जागेवरून हलतो आणि रिकाम्या जागेत एक इलेक्ट्रॉन जाऊन बसतो. हा अडकलेला इलेक्ट्रॉन निळा प्रकाश शोषतो. निळा गेला की उरतो तो पिवळा. मीठ तापवलं की इलेक्ट्रॉन सुटतो, आणि मीठ पुन्हा पांढरं.

समांथा ट्रंबो, मायकेल ब्राउन आणि हँड यांनी मग हबल दुर्बिणीने युरोपाच्या दृश्य प्रकाशाचा वर्णपट घेतला आणि 450 नॅनोमीटरजवळ, निळ्या रंगात, तोच खळगा त्यांना मिळाला. 2019 सालची ही गोष्ट. तो मिळाला मागच्या बाजूला नाही, पुढच्या बाजूला, तारा रेजिओ नावाच्या विस्कटलेल्या, पिवळसर प्रदेशात. इथे विचार कसा केला ते बघण्यासारखं आहे. मागच्या बाजूला आयोचा गंधक कोसळतो, तिथे काही सापडलं तर ते घरचं की बाहेरचं, हा वाद संपत नाही. पुढच्या बाजूला तो मारा फारसा पोहोचत नाही. तिथल्या मिठाला बाहेरचा मालक सापडत नाही, म्हणजे ते खालून, समुद्राकडून आलं असण्याची शक्यता बळावते. 2023 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्याच तारा रेजिओत कार्बन डायऑक्साइडचाही साठा दाखवला. कपाटातल्या पॅनेलच्या सर्वांत जवळ जाणारं असं युरोपावर काही असेल, तर ते हे.

पण याचा अर्थ असाही होतो की मीठ दिसलं ते प्रारणाने त्याला डागाळलं म्हणूनच. मारा झाला नसता तर ते पांढऱ्यावर पांढरं राहिलं असतं. पुरावा बिघडवणारा आणि पुरावा उघड करणारा इथे एकच आहे. म्हणून ज्याला बिघाडाची नेमकी तऱ्हा माहीत, त्यालाच मूळ वस्तू ओळखता येते, आणि त्यासाठी प्रयोगशाळेत हिमपेट्यांमध्ये वर्षानुवर्षं वेगवेगळे क्षार भाजत बसण्याला पर्याय नाही. भारतीय वंशाचे मूर्ती गुडिपाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच एक काम 2020 मध्ये प्रसिद्ध केलं. क्षारमिश्रित बर्फावर इलेक्ट्रॉन सोडले तर तो अंधारात चमकतो, आणि कोणता क्षार मिसळला आहे त्यानुसार चमक कमीजास्त होते. युरोपाची रात्रीची बाजू अशी मंद उजळत असावी, आणि त्या उजेडातून क्षार ओळखता येतील, असं त्यांचं म्हणणं आहे.

बाकीचे बर्फाळ चंद्र थोडक्यात. गॅनिमीड हा सूर्यमालेतला सर्वांत मोठा चंद्र. त्याला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे, ते गॅलिलिओने 1996 मध्ये शोधलं. त्यामुळे मधल्या पट्ट्याचं बरंच रक्षण होतं आणि मारा ध्रुवांकडे वळतो. ध्रुवांवर वेगळी, उजळ टोपी दिसते ती याचमुळे. प्लुटोचा चंद्र शॅरॉन याच्या उत्तर ध्रुवावरचा लालसर डाग प्लुटोकडून आलेल्या मिथेनचा. ध्रुवावर मिथेन गोठतो, आणि अतिनील किरण त्याचं जड, तांबूस सेंद्रिय द्रव्य करतात. शनीच्या एन्सेलॅडसची गोष्ट उलटी आहे. त्याच्या दक्षिण ध्रुवावरून बर्फाचे फवारे उडतात आणि पुन्हा अंगावर पडतात, म्हणून तो सतत नव्याने रंगवल्यासारखा पांढराशुभ्र राहतो.

शनीच्याच मिमास आणि टेथिस यांवर कॅसिनी यानाने मोठी गंमत दाखवली. त्यांच्या तापमानाचा नकाशा काढला तर तोंड उघडून ठिपके खाणाऱ्या पॅकमॅनचा आकार दिसतो. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन इथे उलट दिशेने सरकतात आणि चंद्राच्या पुढच्या बाजूवर, विषुववृत्ताच्या पट्ट्यात, आदळतात. त्यांच्या माऱ्याने बर्फाचे सुटे कण एकमेकांना चिकटतात, पृष्ठभागातून उष्णता अधिक सहज वाहू लागते, आणि तो पट्टा दिवसा कमी तापतो, रात्री कमी थंड होतो. टेथिसवर दुपारी हा फरक सुमारे 15 अंशांचा भरला. डोळ्यांना फारसं न दिसणारं रापणं थर्मामीटरने पकडलं ते असं.

हे प्रारण यंत्रांनाही सोडत नाही. जूनोचा कॅमेरा माऱ्याने बिघडत गेला. डिसेंबर 2023 मध्ये आयोजवळून जाण्याआधी अभियंत्यांनी त्याला आतल्या हीटरने मुद्दाम तापवलं, आणि तो सुधारला. मिठातला इलेक्ट्रॉन तापवल्यावर सुटतो, त्याच जातीचा उपाय. युरोपा क्लिपर यान 14 ऑक्टोबर 2024 रोजी निघालं. त्याच्याही ट्रान्झिस्टरवर उड्डाणाच्या काही महिने आधी शंका आली होती, ते अपेक्षेइतके प्रारण सोसणारे नव्हते. क्लिपर युरोपाभोवती फिरणार नाही. ते गुरूभोवती लांब कक्षेत फिरेल आणि साधारण तीन आठवड्यांनी एकदा युरोपाजवळ डोकावून बाहेर पळेल. बाहेरच्या त्या दिवसांत ट्रान्झिस्टर बरेचसे सावरतात असं चाचण्यांत दिसलं, आणि उड्डाणाला परवानगी मिळाली. नाजूक इलेक्ट्रॉनिक्स जाड अॅल्युमिनियम-जस्ताच्या तिजोरीत बंद आहेत.

क्लिपर एप्रिल 2030 मध्ये गुरूपाशी पोहोचेल आणि पुढच्या काही वर्षांत युरोपाजवळून 49 फेऱ्या मारेल. युरोपीय अवकाश संस्थेचं ज्यूस यान जुलै 2031 मध्ये पोहोचेल आणि शेवटी गॅनिमीडभोवती फिरेल. त्यानंतर वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून बातम्यांचा पूर येणार: युरोपावर सेंद्रिय पदार्थ सापडले, ऑक्सिजन सापडला, अमुक रंगाचा डाग सापडला. तेव्हा बातमीत तीन गोष्टी शोधा. डाग पुढच्या बाजूचा आहे की मागच्या? जागा ताजी आहे की जुनी? आणि दिसतंय ते किती खोलीवरचं? या तिन्हींची उत्तरं नसतील, तर शीर्षक कितीही मोठं असलं तरी ते बाजूला ठेवा आणि मूळ संशोधन काय म्हणतं ते वाचा.